कुणाकडून ऐकलं

घानिमनं तिसऱ्यांदा वजाबाकी केली. उत्तर तेच आलं.

बसऱ्याचा शेख, जुन्या हकिकती सांगणारा नावाजलेला गुरू, हिजरी दोनशे चारमध्ये वारला. थडग्यावरचा दगड त्यानं स्वतः वाचला होता. वडिलांचा जन्म दोनशे एकचा. आणि वडील मरेपर्यंत बगदादच्या मशिदीत सांगत राहिले, 'या चाळीस हकिकती मी शेखच्या तोंडून ऐकल्या.' तिसऱ्या वर्षी?

इतिहास सांगणाऱ्यांची तो नोंद करत होता. कुणी कुणाकडून ऐकलं, कोण कधी जन्मलं, कधी गेलं. साल जुळलं नाही की नावापुढे 'खोटारडा' लिहायचा. आजवर अकरा जणांपुढे लिहून झालं होतं. आज वडिलांची पाळी होती.

"शेखला वीस वर्षं जास्त जगवलं तर?" तो म्हणाला. "बसऱ्याला जाऊन दगड कोण वाचतंय?"

आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. "तू गेलासच की. तुझ्यासारखा आणखी एखादा रिकामटेकडा निघेल."

"मग वडिलांना खोटारडा लिहू?"

"ऐकल्या होत्याच त्यांनी."

"कुणाकडून?"

आईचे हात थांबले. "लग्नाचं दुसरं वर्ष. शेखच्या हकिकतींची एक जुनी वही त्यांना बाजारात मिळाली. पण डोळ्यांत फूल पडलेलं, अक्षर लागेना. मी वाचायची, ते ऐकायचे. रोज एक. चाळीस दिवसांत पाठ."

घानिम बघतच राहिला. "कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलंस? बसऱ्यापर्यंत विचारत गेलास. घरात नाही."

"पण आई, हे लिहिलं तर उरलं काय? बाजारातली वही! त्या हकिकतींवर उद्या कोण विश्वास ठेवील?"

"ठेवायचा की नाही, ते वाचणारा ठरवील. तू का ठरवतोस? आली कशी, तेवढं सांग."

घानिमनं कागद पुढे ओढला. मग त्यानं लेखणी शाईत बुडवली. 'माझ्या वडिलांनी या हकिकती ऐकल्या...' इथवर लिहून तो थांबला.

"आपल्या बायकोकडून, असं लिहू?"

"रबाबकडून लिही. वासितच्या हारिसची मुलगी." तिनं पुढची शेंग उचलली. "आणि जन्मसाल घाल. माझंही कुणीतरी तपासायला हवं."