बारा पावलं सरळ

"आता डोकं घालून," पार्कच्या वकीलीणबाई म्हणाल्या. "भिंतीपासून आरशापर्यंत. बारा पावलं."

टेलरमास्तरांनी साळिंदराचं डोकं मावशीच्या खांद्यांवर बसवलं आणि मानेमागचे दोन हूक लावले. आत नव्या फोमचा आणि डिंकाचा वास होता. अस्वलाच्या डोक्यात तिचा एकोणीस वर्षांचा घाम मुरला होता. तिथे निदान आपल्या घरी आल्यासारखं वाटायचं.

ती चालू लागली. पाचव्या पावलाला डावा पाय रेंगाळला, अंग डावीकडे झुललं, क्षणभर थांबलं आणि मग पुढे गेलं.

वकीलीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "झालं. गबदू आला."

गबदू म्हणजे ते अस्वल, ज्याच्या आत शिरून मावशी इतकी वर्षं पार्कात मुलांपुढे चालायची. ते आता या पार्कचं राहिलं नव्हतं. कार्टून कंपनीने त्याचे हक्क हायवेपलीकडच्या नव्या पार्कला दिले होते आणि तिकडे त्याच्या नावाने अख्खी वसाहत उभी राहत होती. इकडे मागच्या मोकळ्या जागेत 'गबदूच्या गावा'साठी जे खांब ओतले होते, त्यांच्यावर आता 'साळूचं रान' चढणार होतं. साळू, म्हणजे हे नवं साळिंदर, घरचीच, मास्तरांच्या सुईतून उतरलेली. तिच्यावर कुणाला हक्क सांगता येणार नव्हता. फक्त ती कशातही गबदूसारखी असून चालणार नव्हतं. वकीलीणबाईंकडे यादी होती. गोल कान नकोत, पोटावर पांढरा ठिपका नको, दोन्ही हातांनी टाटा नको. पंधराव्या ओळीत चालणं होतं.

"चालणंसुद्धा त्यांचं?" मास्तरांनी विचारलं.

"गबदू कसा दिसतो, कसा वागतो, त्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय. डावा पाय ओढत, डावीकडे झुलून, जरा थांबून. आठ वर्षांपूर्वी घातलंय."

मावशीला आठवत होतं. कंपनीची दोन माणसं तीन दिवस तिच्या मागे मागे फिरली होती. मुलं या चालण्यावर फार खूश आहेत, म्हणाली होती. पुढे कार्टूनमधलं अस्वलही तसंच चालायला लागलं. टीव्हीवर ते बघून तिची बहीण म्हणाली होती, "अगं बाई, हे तर तुझं खुब्याचं दुखणं."

डावा पाय जन्मापासून बोटभर आखूड. त्यात खुबा वाकडा बसलेला.

"सरळ चालता आलं असतं तर मी अस्वल कशाला झाले असते?" डोक्याच्या आतून मावशी म्हणाली. "परेडमध्ये परी नसते झाले?"

"मावशी, मला काय हौस आहे?" वकीलीणबाईही दमल्या होत्या. सकाळपासून त्या पट्टी घेऊन काटे मोजत होत्या. "तुम्ही असं चाललात, कुणी व्हिडिओ काढला, की तिकडून नोटीस आलीच. उघडायच्या आधीच रान बंद पडेल. नाही जमलं, तर साळूच्या आत चालायला मला दुसऱ्या कुणाचं नाव द्यावं लागेल. आजच."

"आणि मला?"

वकीलीणबाईंनी पेन परत उचललं.

मास्तरांनी साळूचा डावा पाय काढला, आत रबराच्या दोन चकत्या सरकवल्या. जरा विचार करून तिसरीही घातली. "आता बघा."

पाय सारखे झाले. पण पन्नास वर्षं एका बाजूला कललेल्या खुब्याला हा न्याय मानवेना. मावशीने दात आवळले. एक. दोन. काटे दोन्ही बाजूंना सारखे हलत होते. सातव्या पावलाला डोळ्यांपुढे पांढरं आलं. साळू तेवढी हसत होती. मास्तरांनी तिला तशीच शिवली होती. बारा.

"परत एकदा."

परत बारा.

वकीलीणबाईंनी पंधराव्या ओळीपुढे खूण केली. मग कागदाकडेच बघत विचारलं, "दिवसाला किती फेऱ्या असतात?"

"चार. सुट्टीच्या दिवसांत सहा."

त्यांनी मान हलवली. लिहिलं काहीच नाही.

मास्तरांनी डोकं उतरवलं. मावशी बाकावर बसली आणि पाय पुढे पसरले.

"तिकडे तरी कुठे जमतंय," गुडघ्यावर बसून पायांचे हूक सोडवता सोडवता मास्तर म्हणाले. त्यांची सून पलीकडच्या पार्कात शिवणकाम करायची. "गबदूच्या आत नवी पोरगी घातलीय. असेल विशीची. चांगली धडधाकट, त्यामुळे ते चालणं काही येईना. व्हिडिओ दाखवले, रोज आरशापुढे उभी केली. शेवटी डाव्या बुटात खडा घालून पाठवतात."

"खडा?"

"एवढा." मास्तरांनी स्वतःच्या कोटाचं बटण दाखवलं. "रात्री पाय मिठाच्या पाण्यात घेऊन बसते म्हणे."

मावशीने डावा पाय जवळ ओढून घेतला.

"खड्याने नाही येत ते," ती म्हणाली. "ते पायाचं नाहीच मुळी, कमरेचं आहे. श्वास सोडायचा आणि डावी बाजू आपोआप पडू द्यायची. खड्याने गुडघा जाईल तिचा, आणि चालणं तर येणारच नाही."

वकीलीणबाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या वळल्या.

"मावशी, नव्या कागदावर तुमची सही आहे. इथल्या कामातलं तिकडच्या कुणाला काही सांगायचं नाही, शिकवायचं नाही. कळलं तर त्याच दिवशी काम जाईल. मला मध्ये पडता येणार नाही."

"वाचलाय मी तो कागद. पूर्ण वाचूनच सही केली."

वकीलीणबाई फाइल छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. मावशीने वाकून चपला ओढल्या, एकीत पाय घातला, दुसरी सापडेना म्हणून बाकाखाली चाचपडत राहिली.

"मास्तर," ती तशीच वाकलेली असताना म्हणाली, "सुनेला विचारा बरं, ती पोरगी सुटल्यावर कुठल्या बसस्टॉपवर उभी असते."