वेराचं पथ्य

तुपाचा डबा माळ्यावर गेला.

तिकडे रशियात, रियाझानला, वेराचा बाप एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, भाऊ बेचाळिसाव्या. दोघंही हृदयाने.

पापड बंद. लोणचं बंद.

निपाणी ते बेळगाव, दवाखान्यासाठी दर सहा महिन्यांनी दोन तिकिटं.

चंपाबाईंच्या घरात हे सगळं एका माणसापायी चाललं होतं. त्यांचा मुलगा कलगोंडा रशियात इंजिनिअर व्हायला गेला आणि येताना वेराला बायको करून घेऊन आला. "आमच्या लोकांच्या रक्तातच आहे ते, देश बदलला तरी सुटत नाही," असं डॉक्टरांचं म्हणणं वेरानेच घरी सांगितलं होतं. एका घरात दोन चुली चंपाबाईंना मान्य नव्हत्या. सुनेचं पथ्य ते सगळ्यांचं.

"दवाखाना हिचा आन् शिक्षा मला व्हय?" कलगोंडा आळणी आमटी ढवळत कुरकुरायचा. "वर डॉक्टर म्हणतोय, आलाच आहात तर तुमचीबी छाती बघू!"

"गप जेव की रं," चंपाबाई म्हणायच्या. "बायकोसाठी एवढं बी न्हाय जमत?"

एकदा वेरा आठ दिवस नणंदेकडे सदलग्याला राहिली. परतली तर डबा खाली, निम्मा रिकामा. तिने तो परत माळ्यावर चढवला आणि पुन्हा कुठे राहायला गेली नाही.

१९८१च्या उन्हाळ्यात रियाझानहून पत्र आलं. वेराने ते उभ्यानेच वाचलं. आई अंथरुणाला खिळली होती. एकदा ये, एवढंच मागत होती.

"जाऊन ये," कलगोंडा म्हणाला. "डॉक्टरला मी इचारतो."

"नको." ती घाईने म्हणाली. "एवढा लांबचा प्रवास. माझं हृदय नाही सोसणार."

चंपाबाईंना राहवलं नाही. "अगं, आई हाय ती! आमची काळजी नको. चार म्हैनं आम्ही काय बी करून खाऊ."

वेराने आमटीवर झाकण ठेवलं.

त्यानंतर दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की ती परसात बसायची आणि आपल्या भाषेत पुटपुटायची. त्यातली आईला मारलेली हाक तेवढी चंपाबाईंना ओळखू यायची.

दिवाळीच्या तोंडावर तार आली. वेरा मटकन खाली बसली. चंपाबाई घाबरून तिच्या छातीवर हात ठेवून राहिल्या. डोळ्यांना धार लागली होती. ठोके मात्र एकसारखे.

थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुतलं आणि नवऱ्यासाठी बिनमिठाची आमटी करायला बसली.

१९७६ साली बेळगावच्या डॉक्टरांनी नवराबायको दोघांच्याही हृदयाचा आलेख काढला होता. वेराचा निकोप निघाला, आणि कलगोंडाच्या हृदयाचं काय ते, त्याने धसका घेऊ नये म्हणून, त्यांनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं.