डावीकडे कललेला खळगा

मरोळ गावठाणातल्या नाताळच्या बिस्किटस्पर्धेत दरवर्षी जिंकणाऱ्या सेराफिनाला यंदा ऐनवेळी परीक्षक नेमलं, म्हणजे बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण ब्रिजेट ताटलीत लोण्याची, मधे जॅम भरलेली बिस्किटं घेऊन आली. “पहाटे उठून केली गो!” जॅमसाठी अंगठ्याने दाबलेला प्रत्येक खळगा डावीकडे कललेला. सेराफिनाने लहानपणी मोडून डावीकडेच वाकलेला आपला अंगठा टेबलाखाली लपवला. ही बिस्किटं तिनेच काल अंगात ताप असताना भाजली होती, कारण ब्रिजेटची सासू अंथरुणाला खिळलेली आणि तिला म्हणे सेराफिनाच्याच हातची बिस्किटं हवी होती. सेराफिनाने एक चाखलं. उत्तम झालं होतं, हीच पंचाईत. “लोणी कमी,” ती म्हणाली, “दहापैकी दोन.” “कमी कसं गो?” ब्रिजेट उसळली. “पाव किलो घातलंयस की तू!” सेराफिनाने विचारलं, “म्हातारीला एक तरी दिलंस गो?”