सहीखालची धूळ

दादा कॅमेऱ्याच्या दुकानात आपणहून आला, तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

उभ्या आयुष्यात त्यानं कधी लेन्सचं झाकण उघडलं नव्हतं. आणि आज बाबांचं चित्र जुन्या चादरीत गुंडाळून तिच्या आधी दारात हजर! कॅमेऱ्याच्या चाचणीसाठी दुसरंच चित्र न्यायचा हट्ट त्यानं सकाळपासून धरला होता. म्हणून तर तिनं हे निवडलं होतं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या चित्रांचं पुस्तक निघणार होतं आणि फोटो तीच काढणार होती. चित्रांचे फोटो काढण्यातच तिची वीस वर्षं गेली होती. लेन्स बाबांच्याच वापरायच्या, हे तिनं ठरवून टाकलं होतं. जुन्या, जड, हातानं कडं फिरवून फोकस करायच्या. त्यांच्या मागे बसेल अशी कॅमेऱ्याची नवी बॉडी तेवढी घ्यायची होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिच्या नावानं छापून येणार होतं, की यातलं प्रत्येक चित्र बाबांनी स्वतः पुरं केलेलं आहे.

दुकानदारानं काउंटरवर दोन बॉड्या मांडल्या. "ही छोटी, चोवीस मेगापिक्सेलची. ही मोठी, साठची. चित्रांसाठी म्हणाल तर मोठीच घ्या, ताई."

मोठीच घ्या म्हणणार नाही तर काय करणार, तिनं मनात म्हटलं. छोटी घ्या म्हणणारा दुकानदार तिनं अजून पाहिला नव्हता.

"छोटी पुरे," दादा म्हणाला. "जुन्या लेन्स त्या. डोळ्याला दिसतं तेवढं दिसलं म्हणजे झालं."

दादा आणि काटकसर! ज्यानं चपलासुद्धा कधी साध्या घेतल्या नाहीत, तो कॅमेरा छोटा घे म्हणत होता. पाणी कुठंतरी मुरत होतं.

"जुन्या आहेत म्हणून काय झालं?" दुकानदाराला ते लागलं. "बघते ती लेन्सच. बॉडी फक्त लक्षात ठेवते."

तिनं चित्र टेकवायच्या घोडीवर उभं केलं, दोन बाजूंना दोन दिवे लावले. मागच्या अंगणातला नळ, नळाखाली निळी बादली, आणि उजव्या कोपऱ्यात बाबांची काळी सही. फोकस ती नेहमी सहीवरच लावायची. सही नेमकी आली की बाकीचं चित्र आपोआप येतं, असा तिचा अनुभव होता. तिनं एक फोटो छोटीवर काढला, एक मोठीवर. दुकानदारानं दोन्ही कॉम्प्युटरवर घेतले आणि सही मोठी करत नेली.

छोटीतली सही लगेच कडांना विरघळली. मोठीतली पडदाभर झाली तरी जागची हलली नाही. आणि मग तिला ते दिसलं.

काळ्या रंगाखाली धूळ होती. वर नव्हे, खाली. जळमटाचा एक तंतू रंगात बुडून तिथंच वाळला होता.

बाबा चित्रावरचं कुसळसुद्धा चिमट्यानं उचलायचे. सही करायचे ती चित्र पुरं झालं त्याच दिवशी. जे पुरं वाटलं नाही, त्याचं तोंड भिंतीकडे आणि मुक्काम मागच्या खोलीत.

"ही सही बाबांची नाही," ती म्हणाली.

दादा दिव्याकडे बघत राहिला.

"किती चित्रांवर केल्यात?"

"नऊ." त्याचा आवाज खाली गेला. "मी केल्या. सही नाही म्हणून तू ती पुस्तकातून काढली असतीस. तूही बाबांचीच मुलगी."

चोराच्या मनात चांदणं! म्हणून छोटी बॉडी हवी होती. रागानं तिचे कान तापले. नऊ खोट्या सह्या, आणि त्यांच्याखाली तिचा शब्द जाणार होता. चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून ती त्याच्याकडे वळली, पण नजर पुन्हा त्या तंतूवर गेली. काहीतरी जमत नव्हतं. दादा म्हणजे दुसऱ्याच्या घरी खुर्चीसुद्धा रुमालानं झटकून बसणारा माणूस.

"खोटं बोलतोयस," ती म्हणाली. "तू केली असतीस तर आधी फडकं मारलं असतंस."

 चित्रावर फडकं न मारता सही करील असं घरात एकच माणूस होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आईनं ओल्या चित्रावरून फडकं फिरवलं होतं. तेव्हा बाबांनी जे बजावलं, ते आईनं जन्मभर पाळलं. घराचा कोपरा न् कोपरा झाडला, पण चित्रांवर कधी फडकं नेलं नाही. बाबा गेल्यावरही नाही. त्यांची सही करतानासुद्धा नाही.

 तिचा राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही.

"पुस्तकात घालणार ही?" दादानं हळूच विचारलं.

तेवढ्यात दुकानदार काउंटरमागून बाहेर आला. लेन्सवर हवा मारायचा रबरी फुगा त्याच्या हातात होता. "एवढं काय बघताय? धूळच तर आहे," म्हणत तो चित्रावर वाकला. "एका फुंकरीत उडवतो."

"हात लावू नका!" बहीणभाऊ एकदम ओरडले.

दुकानदार दचकून मागे सरला.

"आमच्याकडे चित्रं झटकत नाहीत," ती म्हणाली. मग चित्रावर अलगद चादर घालत तिनं मान वर केली. "मोठी बॉडी द्या. धूळही नीट आली पाहिजे."