लख्ख काच

आमच्या मालकांनी काचेची टाकी आणून नव्या कलर टीव्हीशेजारी ठेवली. मी म्हटलं, "आपण लिंगायत, घरात मासं कशाला?" त्यावर कानाखाली बसली.

टाकीवरची ट्यूब दिवसभर जळायची, आल्या पावण्यांना मासे दिसावेत म्हणून. त्यानं काच शेवाळून हिरवी झाली. तेव्हाही मलाच बसली. मग त्यांनी शेवाळ खाणारा, बोटाएवढा सकर मासा आणून सोडला. त्याला उकडलेली काकडी घालायचं काम माझं.

पण तो एकाच जागेचं शेवाळ खायचा. बशीएवढी काच लख्ख झाली, बाकी हिरवीच राहिली.

आज दुपारी मी पाट्यावर चटणी वाटत होते. मिक्सरमधली मालकांना चालत नाही. वरवंटा पाट्यावर ठेवला आणि काकडीची चकती घेऊन टाकीपाशी आले.

लख्ख काचेत माझ्या पाठीमागची खोली दिसत होती. मालक पालथे पडले होते. डोक्याचा चेंदा झाला होता. फरशीवर रक्त पसरत होतं.

मी गर्रकन वळले. मालक दारात चपला काढत होते, धडधाकट.

"अजून हिरवीच हाय की काच!" त्यांनी माझा अंबाडा धरून मला भिंतीवर आदळलं. "काय बघायलीस त्यात? सरक!"

ते वाकले. मासा बाजूला सरकला, जागा करून दिल्यासारखा.

"अगं, हे कोण पडलंय?"

मी हाताकडं पाहिलं. काकडी नव्हती. हातात वरवंटा होता.