चारचौघांत

नर्सबाईंची नवी कोरी गाडी इंजिन ऑइल पाण्यासारखं पीत होती. वॉरंटीत इंजिन उघडून बघा, असं सांगायला त्या पुन्हा शोरूमची पायरी चढल्या, तेव्हा मॅनेजरने आपलं नेहमीचंच तुणतुणं वाजवलं. "मॅडम, इंजिन थोडंफार ऑइल खातंच. नॉर्मल आहे हे."

शेजारच्या टेबलावर एक जोडपं तीच गाडी बुक करायला बसलं होतं. बाईंनी तिकडे बोट दाखवलं. "मग हे त्यांनाही सांगा."

मॅनेजरचा आवाज खाली आला. "आपण केबिनमध्ये बसून बोलू ना."

"केबिन कशाला? नॉर्मल गोष्ट चारचौघांत सांगायला लाज कसली?"

जोडप्यातल्या बायकोने हातातलं पेन खाली ठेवलं. ते पाहून मॅनेजर नरमला. "ठीक आहे, इंजिनचं काम वॉरंटीत करून देतो. फक्त बाहेर कुठे बोलू नका."

"दुरुस्ती माझ्या हक्काची आहे," बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. "तिच्या बदल्यात माझं तोंड बंद होणार नाही."

मागच्या सोफ्यावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ हे सगळं ऐकत होते. ते उठून जवळ आले. "माझीही गाडी अशीच ऑइल पिते. मला हे मॅनेजर म्हणाले, तुमचं वय झालं, आता नीट चालवता येत नाही तुम्हाला. मी चालवणंच सोडलं. आज विकायला आणलीय."

बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा, काका. आणि जरा मोठ्याने सांगा."