वज्रलेप

हिमालयाच्या पायथ्याशी शाळेचं अंगण भूकंपाच्या एका हादऱ्यात पुरुषभर वर उचललं गेलं होतं. ढिगाऱ्यातून दप्तरं निघत होती आणि रेवती गुरव बघत उभी होती.

बारा वर्षांपूर्वी वरच्या डोंगरांवर तिनेच काचेसारखा थर फवारला होता. झिजणाऱ्या मूर्तीला लावतात तसा, म्हणून तिने नाव दिलं वज्रलेप. दरडी थांबल्या, नद्या नितळ झाल्या, लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. पण डोंगरांना वर ढकलणारा जमिनीखालचा रेटा थोडाच थांबणार होता! लेपामुळे पाऊस डोंगर झिजवून हलका करेना, तेव्हा वाढत्या ओझ्याखालून त्या रेट्याने नवी वाट धरली, ती थेट या शाळेखालून.

फोन वाजला. गावाहून तिचे वडील होते, देवीचे पुजारी.

"रेवा, रोजच्या अभिषेकाने देवीचं नाक पार झिजलं गं. पंच म्हणतात, तुझाच लेप लावू."

"नको आप्पा. पाणी घालत राहा. झिजू दे तिला."

"अगं, लेप तुझा, आणि तूच नको म्हणतेस?"

समोर कुणीतरी दप्तरावरचं नाव मोठ्याने वाचलं. कुणीच ओ दिली नाही.

"म्हणूनच नको म्हणते, आप्पा."